जीप शेतकऱ्याची केव्हा होती?

मुरबाडहून कल्याणकडे येणाऱ्या रस्त्यावर पहाटे दोन तऱ्हेच्या गाड्या भेटतात. एक असते पिकअप. मागे क्रेट रचलेले, त्यांत भेंडी, काकडी किंवा कारली, वर ताडपत्री, आणि गाडी कल्याणच्या बाजार समितीच्या दिशेने निघालेली. दुसरी उंच, काळीभोर, रुंद टायरांची. तिच्या मागच्या काचेवर ‘शेतकरी’ किंवा ‘भूमिपुत्र’ अशी ठळक अक्षरे असतात. मागच्या भागात सामान बहुधा नसतेच.

गंमत अशी की शेतीचे कूळ सांगितले जाते ते दुसऱ्या गाडीचे. थार असो वा डिफेंडर, या गाड्यांची जन्मकथा सांगताना शेत, चिखल, नांगर यांचा उल्लेख ठरलेला. पिकअपच्या वाट्याला अशी कुळकथा कोणी लिहिलेली नाही. महागड्या ‘ऑफ-रोड’ गाड्या आजच्या राबत्या शेतकऱ्याच्या उपयोगाच्या उरल्या आहेत का, हा प्रश्न त्यामुळे अपुरा ठरतो. त्याआधीचा प्रश्न असा की त्या कधी तशा होत्या का? आजचा धागा ठाणे-कल्याणच्या भूमीवरून या प्रश्नाकडे पाहणारा आहे.

प्रारंभ अर्थातच युद्धापासून. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून ६ लाखांहून अधिक जीप बनवल्या. सुमारे १,१०० किलो वजनाची, पुरती सव्वापाच फूटही रुंद नसलेली, दार नसलेली ही गाडी. युद्ध संपत आले तसा विलीस कंपनीपुढे पेच उभा राहिला: सैन्य घरी परतल्यावर ही गाडी घेणार कोण? कंपनीने उत्तर शोधले ते शेतकऱ्यात. १९४५ मध्ये तिने नागरी जीप बाजारात आणली. मागे उघडणारी फळी, आणि इंजिनाची शक्ती बाहेरच्या यंत्राला देणारा दांडा, म्हणजे आजच्या ट्रॅक्टरवाल्यांच्या भाषेत ‘पीटीओ’, जोडण्याची सोय. नांगर ओढा, करवत चालवा, पंप फिरवा, आणि रविवारी त्याच गाडीतून चर्चला जा, असा एकंदर प्रचार होता.

इंग्लंडमध्ये रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स वेल्समधील अँग्लसी बेटावरच्या आपल्या शेतावर अशीच एक युद्धातली जीप वापरीत. ती मोडली तर तिच्या जागी दुसरे काय घ्यायचे, या विचारातून लँड रोव्हरची कल्पना निघाली. पहिल्या नमुना-गाडीचे सुकाणूचाक ट्रॅक्टरसारखे मधोमध बसवलेले होते. पोलादावर रेशन असल्याने बाहेरचा पत्रा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला. ३० एप्रिल १९४८ रोजी अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती जगापुढे आली. मळणीयंत्र फिरवण्यासाठी मागे पट्ट्याची पुली लावता येई.

तेव्हा शेतीचे कूळ खोटे नाही. पण ती शेती कोणती? ओहायोची आणि वेल्सची. गवताळ कुरणे, एकेका मालकाची मोठमोठी सलग शेते, मेंढ्या, बटाटे, आणि वर्षभर थोडाथोडा पडणारा पाऊस. गाडी शेताच्या फाटकातून आत शिरू शकते आणि पलीकडच्या टोकापर्यंत जाऊ शकते, हे त्या रचनेचे गृहीतक होते. कल्याण तालुक्यातल्या भातखाचराने हे गृहीतक कधीच मान्य केलेले नाही.

या परिसराला जीपची पहिली ओळख झाली ती सैन्यामुळे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ ब्रिटिशांनी लष्करी छावण्या उभारल्या. फाळणीनंतर याच ओस पडलेल्या बराकींत सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीचे नाव उल्हासनगर झाले. छावण्यांपासून जवळच, मलंगगडाच्या बाजूला, नेवाळी येथे युद्धासाठी धावपट्टी बांधली गेली. तिच्यासाठी आसपासच्या अनेक गावांची भाताची जमीन घेतली गेली. युद्ध संपले, विमाने गेली, जमीन मात्र कागदोपत्री सरकारकडेच राहिली. शेतकरी ती कसत राहिले आणि परत मागत राहिले.

म्हणजे या मातीवर जीप धावली ती शेतकऱ्याच्या खाचरावरून काढलेल्या लष्करी रस्त्याने. युरोप-अमेरिकेतल्या कुळकथेत हा अध्याय नाही.

याच सुमारास, जानेवारी १९४५ मध्ये, कल्याणपासून तीन स्थानके पुढे असलेल्या टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने भरलेल्या या अधिवेशनाला उंबरगाव-डहाणूकडचे वारली प्रतिनिधी आले होते, आणि त्यानंतर ठाणे जिल्ह्यात जो उठाव झाला त्याचा पहिला मुद्दा होता वेठ. जमीनदाराच्या शेतात फुकट राबणे, त्याचा बोजा फुकट वाहणे. ओहायोत शेतकऱ्याने घोडा सोडून जीप घ्यावी का, याची चर्चा चालू होती त्या वर्षी ठाणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मागणी इतकीच होती की त्याच्या अंगमेहनतीचे पैसे मिळावेत. दोन्ही घटना एकाच वर्षाच्या आहेत, हे लक्षात ठेवलेले बरे.

मुंबईत मात्र जीपचा संसार लवकरच थाटला गेला. जे. सी. महिंद्र आणि के. सी. महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह २ ऑक्टोबर १९४५ रोजी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही पोलाद व्यापाराची कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. कंपनीचे नाव १९४८ मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. १९४७ मध्ये विलीसकडून पहिल्या ७५ जीप सुट्या भागांच्या रूपात आल्या, आणि पुढे माझगावात जुळणीचे काम सुरू झाले. माझगाव ते कल्याण हे अंतर रेल्वेने दीड तासाहून कमी. तरीही कल्याणच्या शेतकऱ्याच्या दारात जीप पोचायला अनेक दशके लागली. याचे एक कारण पैसा. पण पैसा हे एकमेव कारण धरले तर भातशेती समजणार नाही.

ठाणे जिल्ह्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. भाताचे खाचर म्हणजे बांधांनी चौफेर अडवलेले उथळ पाणी. आवणीपूर्वी त्यात चिखलणी करतात: नांगर उभा-आडवा फिरवून माती इतकी कालवायची की तिचे लोणी व्हावे आणि तिच्या खालच्या थराची छिद्रे बुजून पाणी मुरू नये. पाणी धरून ठेवणारा हा थर हीच भातशेतीची खरी गुंतवणूक. पिढ्यान् पिढ्यांच्या चिखलणीने तो तयार होतो. अशा खाचरात हजार-बाराशे किलोची चाके घातली तर ती रुततात, हा त्रास लहान. मोठा त्रास असा की ती बांध फोडतात आणि एकसारख्या पातळीच्या तळात खोल चाकोऱ्या पाडतात. मग एका कोपऱ्यात पाणी साचते, दुसरा कोपरा उघडा पडतो. खाचरे लहान, काही गुंठ्यांची, उतारावर पायऱ्यांसारखी मांडलेली. एकातून दुसऱ्यात जायची वाट म्हणजे बांध, आणि बांधाची रुंदी माणसाच्या पावलाएवढी.

या जागी शतकानुशतके चालला तो बैल, आणि दाट चिखलात रेडा. रेड्याचा खूर फाकतो, चिखलात टिकतो, आणि तो बांध ओलांडून पलीकडे उतरतो. कोकणात आणि ठाण्यात रेड्यांची जोत होती ती कोणाच्या हौसेखातर नव्हे.

आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. ठाण्याच्या भातगावात बैलगाडी हेही बारमाही वाहन नव्हते. पावसाळ्यात चाकाला वाटच नसे. जून ते ऑक्टोबर जे काही हलायचे ते माणसाच्या डोक्यावरून किंवा खांद्यावरच्या कावडीतून. बी-बियाणे, रोपांच्या मुठी, खत, आजारी माणूस, सगळे. कापणीनंतर भारे डोक्यावरूनच खळ्यावर येत. जमीन वाळली, दिवाळी उलटली, की मग गाडी बाहेर पडे: भात, पेंढा, गवत घेऊन. कल्याण-भिवंडीचे गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई. १८५४ मध्ये आगगाडी कल्याणला पोचल्यापासून मुंबई हाच या मालाचा मोठा गिऱ्हाईक. तेव्हा वाहनाची गरज शेतात नव्हती. ती शेताच्या कडेपासून स्थानकापर्यंत होती.

त्यात जमिनीची मालकी. १९४८ चा मुंबई कूळवहिवाट कायदा आणि त्याच्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषकदिन’ येईपर्यंत जिल्ह्यातला फार मोठा कसणारा वर्ग कूळ म्हणूनच राबत होता. मालक झाला तेव्हा त्याच्या हाती आली ती थोडकी, विखुरलेली खाचरे. अशा माणसाला जीप विकण्याचा विचार कोणत्याही शहाण्या विक्रेत्याने केला नसता, आणि कोणी केलाही नाही.

मग त्या वर्षांत गावात येणाऱ्या जीपमध्ये बसायचे कोण? सरकार. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि जीप हे विकासाचे अधिकृत वाहन ठरले. मलेरियाची फवारणी करणारे, देवी टोचणारे, तगाई वाटणारे, आणि तीच तगाई वसूल करणारेही जीपनेच येत. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. गट विकास अधिकारी आणि सभापती यांच्यासाठी जीप हा दर्जाचा मुद्दा झाला. निवडणुकीत उमेदवाराची जीप. धुरळा दिसला की पोरे धावत आणि मोठी माणसे पागोटे सावरीत बाजूला होत. खेड्याने जीपला पाहिले ते असे, रस्त्याच्या कडेला उभे राहून.

पश्चिम महाराष्ट्रात थोडे वेगळे घडले. प्रवरानगरच्या कारखान्यापासून सहकारी साखरेचे पर्व सुरू झाले आणि ऊसवाल्या बागायतदारांतून चेअरमन, संचालक असा वर्ग उभा राहिला. त्याच्या वाड्यापुढे जीप आली, आणि ती शेतकऱ्याची जीप होती असे म्हणता येते. जरी तिच्यातून ऊस कधी वाहिला गेला नाही. ठाण्यात ऊस नव्हता, कारखाना नव्हता, म्हणून चेअरमनही नव्हता. इथला आगरी, कुणबी, कोळी, ठाकूर, कातकरी शेतकरी जीपपासून दूरच राहिला.

दरम्यान, जीपने नांगर ओढण्याचे स्वप्न कंपन्यांनीच गुंडाळले होते. नांगरणीला हवा असतो संथ, जड, जमिनीला धरून चालणारा ओढ. रस्त्याला हवा असतो वेग. एकच गाडी दोन्ही करू गेली की दोन्हीत उणी पडते. अमेरिकेतही नांगराची जीप फारशी खपली नाही. महिंद्र कंपनीने १९६३ मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारीत ट्रॅक्टरची वेगळी कंपनी काढली आणि १९७७ मध्ये ती मूळ कंपनीत विलीन करून घेतली. शेतीचे काम ट्रॅक्टरकडे आणि माणसे नेण्याचे काम जीपकडे, ही वाटणी तिथे कायम झाली. आज शेतीची परंपरा सांगणाऱ्या जाहिराती पाहताना हे ध्यानात असावे की खुद्द उत्पादकाने हा निवाडा साठ वर्षांपूर्वीच दिला आहे.

आता या कथेतला तो काळ, ज्यात जीप ठाण्याच्या शेतकऱ्याची खरोखर झाली. तो काळ कोणत्याही जाहिरातीत नाही.

डिझेल इंजिन आले, चौकट लांबवली गेली, मागे समोरासमोर दोन बाकडी बसली. मार्शल, कमांडर अशा नावांच्या या गाड्या मुरबाड, टोकावडे, शहापूर, डोळखांब या रस्त्यांवर भाड्याने धावू लागल्या. एसटी दिवसातून दोनदा येई, जीप भरली की निघे. परवाना दहा जणांचा, प्रत्यक्षात वीस. दोघे मागच्या पायरीवर लटकलेले, टपावर गवताचे भारे, भाजीच्या पाट्या, कोंबड्यांची खुराडी, दुधाचे कॅन. बाळंतीण हीच गाडी नेई आणि लग्नाचे वऱ्हाडही. अपघात होत, पोलिसांचा हप्ता असे, कायद्याच्या दृष्टीने बहुतेक फेऱ्या बेकायदाच. तरी आदिवासी पाड्यावरची बाई पहाटे पाटी घेऊन निघून सकाळी कल्याणच्या बाजारात बसू शकली ती या वाहनामुळे. व्यापाऱ्याने बांधावर येऊन सांगितलेला भाव तिला नाकारता येऊ लागला. जीपने शेतकऱ्याला काही दिले असेल तर हे.

आणि त्या गाडीत ‘ऑफ-रोड’ म्हणावे असे काय होते? भाड्याने धावणाऱ्या बहुतेक गाड्या दोनच चाकांना ओढ देणाऱ्या होत्या. फोर व्हील ड्राइव्हची किंमत आणि डिझेल मालकाला परवडणारे नव्हते, आणि त्याची गरजही नव्हती, कारण गाडी डांबरी किंवा खडीच्या रस्त्यावरच चालायची. ज्या भागासाठी जीप जगभर प्रसिद्ध झाली तो काढून टाकल्यावर ती इथल्या शेतकऱ्याच्या कामाची झाली. ती त्याच्या मालकीची नव्हती; बाकड्यावरच्या एका जागेपुरती, त्या फेरीपुरती त्याची होती.

२००० मध्ये बोलेरो आली आणि तिच्या अंगावर बेतलेली पिकअप या पट्ट्यात स्थिरावली. २००५ मध्ये टाटा एस आली. लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हटले आणि पाऊण टनाचे हे वाहन गल्लीबोळांत शिरले. शहापूर-मुरबाड भागात भातानंतर भेंडी, काकडी, कारली घेणारे शेतकरी वाढले. भेंडीला रोज तोडणी लागते आणि तिला थांबता येत नाही, त्यामुळे पाच-सहा जणांचा माल गोळा करून रोज निघणारी पिकअप हा या पिकाचा कणाच झाला. सव्वा ते पावणेदोन टन माल, उघडा हौदा, धुऊन टाकता येणारा पत्रा, आणि नाक्यावरच्या मिस्त्रीला उघडता येणारे इंजिन. १९४५ च्या शेतकी जीपचा खरा वारस शोधायचा झाला तर तो हाच. त्याच्या मागच्या काचेवर मात्र कोणी ‘लेजंड’ लिहीत नाही.

तिकडे मूळ घराण्याची वाट वेगळ्या दिशेने गेली. १९७० मध्ये रेंज रोव्हर आली तेव्हा तिची आसने साध्या रेक्झिनची आणि तळाला रबर होते. चिखल लागला तर पाण्याने आतून धुऊन काढावी, अशी योजना. पुढच्या दोन दशकांत त्याच गाडीत गालिचा, कातडी आसने आणि लाकडी पट्ट्या आल्या. २००८ मध्ये टाटा मोटर्सने जग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्या. २९ जानेवारी २०१६ रोजी जुन्या डिफेंडरचे उत्पादन थांबले. नवी डिफेंडर २०१९ मध्ये दाखवली गेली आणि पुढच्या वर्षी भारतात आली, किंमत ७० लाखांच्या वर. ब्रिटनमधले मेंढपाळ आणि शेतकरी तोवर मोठ्या संख्येने जपानी पिकअपकडे वळले होते. इकडे महिंद्रची थार २०१० मध्ये जुन्या जीपच्या अंगलटीची, कॅनव्हासची, खडखडणारी म्हणून आली. २०२० च्या थारला टणक छत, स्वयंचलित गिअर आणि स्पर्शाने चालणारा पडदा मिळाला.

निव्वळ यंत्र म्हणून पाहिले तर या गाड्या पूर्वीपेक्षा दुबळ्या झालेल्या नाहीत, उलट झाले आहे. नवी थार ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाते, डिफेंडर ९००. विलीसच्या जीपला हे स्वप्नातही शक्य नव्हते. चिखलात जाण्याची ताकद वाढली, चिखलात घालण्याची छाती मात्र कमी झाली, कारण एका ओरखड्याचा खर्च आता एका हंगामाच्या भाताइतका असू शकतो. बिघाड झाला तर नाक्यावरचा मिस्त्री संगणक जोडल्याशिवाय हात लावू शकत नाही. डिफेंडरचे वजन दोन टनांहून अधिक, रुंदी साडेसहा फुटांच्या घरात. मुरबाडच्या पाड्याची वाट तिला पुरायची नाही. आणि क्रेट ठेवायचे कुठे?

सरकारच्या करपत्रकातही हा फरक स्वच्छ नोंदलेला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवर वस्तू व सेवा कर ५ टक्के, मालवाहू पिकअपवर १८, आणि ४ मीटरहून लांब किंवा मोठ्या इंजिनाच्या मोटारींवर ४०.

तरीही ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथच्या गावांत या गाड्या मोठ्या हौसेने घेतल्या जातात, आणि घेणाऱ्यांत शेतकरी कुटुंबे असतात. हे समजून घ्यायला जमिनीच्या इतिहासाकडे वळावे लागते.

मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या मुंबईसाठी घेतली जाऊ लागली. सुरुवातीचा मोबदला इतका तुटपुंजा की दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली संघर्ष उभा राहिला. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या रक्ताच्या किमतीवर पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांत वेगळी प्रक्रिया चालली: महापालिकेत घ्या, बाहेर काढा, पुन्हा घ्या, असा खेळ होत असताना खाचरांवर चाळी, इमारती, गृहसंकुले उभी राहिली. भिवंडीत खाचरांची गोदामे झाली. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. आमणे हे भिवंडी तालुक्यातले गाव. या मार्गासाठी शहापूर, कल्याण, भिवंडीच्या शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या, आणि या वेळी मोबदला पूर्वीच्या तुलनेत भरघोस होता.

मोबदल्याच्या पैशाचे काय होते, हे गावात कोणालाही ठाऊक असते. आधी घर, मग लग्न, मग गाडी. थोडे भावाबहिणींच्या वाट्यात, थोडे कर्जात, थोडे कोर्टात. म्हणजे ही उंच गाडी दारात येते ती शेती भरभराटीला आली म्हणून क्वचित. बहुधा शेत गेले म्हणून येते. थारच्या खिडकीतून दिसणारे गोदाम हे आजोबांच्या खाचरावर उभे असते.

शहरी माणूस इथे नाक मुरडतो: ‘पैसा टिकवता आला नाही’. या टोमण्यात इतिहासाचे भान नाही. ज्या आजोबांनी साहेबाच्या जीपचा धुरळा खाल्ला, ज्यांच्या जमिनीवरून लष्कराच्या गाड्या गेल्या, त्यांचा नातू त्याच आकाराच्या गाडीत चालकाच्या जागी बसतो तेव्हा तो वाहन विकत घेत नसतो, ती जागा घेत असतो. त्याला ते माहीत असते. हिशेबाने पाहिले तर तोटा आहे हेही खरे: गाडीची किंमत दरवर्षी उतरते, आणि विकलेल्या गुंठ्याची किंमत त्याच वर्षांत चढत जाते.

‘शेतकरी’ हा शब्दही इथे दुहेरी आहे. महाराष्ट्रात कूळकायद्यानुसार शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते. म्हणून सातबाऱ्यावर चार गुंठे का होईना, नाव टिकवणे हा हक्काचा प्रश्न असतो. नांगर दहा वर्षांपूर्वी सुटलेला माणूस कायद्याने शेतकरी असतो, आणि दुसऱ्याच्या खाचरात आवणी करणारी कातकरी बाई कायद्याने शेतकरी नसते. मागच्या काचेवरच्या त्या अक्षरांचा अर्थ या दोघांच्या मधे कुठेतरी आहे.

बैलगाडा शर्यतीत हे सारे एकत्र दिसते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये घातलेली बंदी डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त उठली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. कल्याण-अंबरनाथ पट्ट्यात शर्यतीच्या दिवशी मालक उंच गाडीतून येतात, आणि बैल पिकअपमधून. बैलाला तांदळाच्या चिखलाशी आता काही देणेघेणे उरलेले नसते.

नेवाळीची जमीन अजून मिटलेली नाही. नौदलाने कुंपणभिंत बांधायला घेतली तेव्हा २२ जून २०१७ रोजी, ऐन पेरणीच्या दिवसांत, शेतकरी रस्त्यावर आले. पोलिसांची वाहने जळली, छऱ्यांनी शेतकरी जखमी झाले. त्यांचे म्हणणे बापजाद्यांचेच होते: खाचर कसू द्या.

मुरबाड-शहापूरकडे जे अजून कसतात ते ट्रॅक्टर तासाच्या भाड्याने आणतात. जिथे ट्रॅक्टर उतरत नाही तिथे पॉवर टिलर, आणि त्याहून वरच्या खाचरांत बैल. कापणी झाली की पिकअप डांबरी रस्त्याच्या कडेला उभी राहते, कारण पुढे तिला वाट नाही. शेतापासून तिथपर्यंतचे दोन-तीनशे पावलांचे अंतर भारा अजूनही बांधावरून, डोक्यावरच येतो. आणि तो वाहणारी बहुतेक वेळा बाई असते.